मालनकाकी आणि बुवाचे वाघ

घाटकोपरच्या भटवाडीत थोडी आणि गावी पुष्कळ अशी बोलवा आहे, की मालन परब रोज संध्याकाळी साडेसातला मेलेल्या सासूला अंगात घेते आणि सासू तिच्या तोंडून अख्ख्या कोकणाची उणीदुणी काढते. गावच्या एका गृहस्थांकडे याचा पुरावाही होता. ही सासू, रुक्मिणीआजी, जाऊन तेरा महिने झाले होते, वर्षश्राद्धाचे वडे खाऊन लोक ढेकर देऊन विसरले होते, आणि या गृहस्थांनी फेसबुकवर टाकलेल्या रेड्याच्या फोटोखाली ठसठशीत अक्षरांत आलं : रुक्मिणी परब यांना हे आवडलं. गृहस्थ जागचे हलले ते थेट देवळात गेले. नारळ ठेवला आणि घाटकोपरला निरोप धाडला, "म्हातारेक काय तरी व्हया आसा. इचारून घेवा."

म्हातारीला काही नको होतं. रेडा मालनकाकीला आवडला होता.

खरी गोष्ट एवढीच, की आजीला घरबसल्या गावच्या देवळातली आरती दिसावी म्हणून तिच्या नातीने, ऋतिकाने, आजीच्या नावाने फेसबुकवर खातं उघडून दिलं होतं. आजी गेली, फोन सुनेकडे आला. खातं बंद कसं करतात ते सुनेला येईना आणि नवीन उघडायचा तिला कंटाळा. त्यामुळे मालनकाकी चोपन्नाव्या वर्षी ऑनलाइन आली ती सासूच्या नावाने, सासूच्या नऊवारीतल्या फोटोसकट. अंगात वगैरे काही येत नाही. साडेसातला ती फक्त कमेंटी वाचते.

कमेंटी वाचते म्हणजे काय, ते पाहायला सातेरीकृपा चाळीत यायला हवं. चौदा खोल्या, एक सामाईक गॅलरी, खाली उताराची गल्ली. काकी कामावरून येणार, पाय धुणार, गॅलरीत स्टूल टाकणार, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि फोन हातभर लांब. की आजूबाजूच्या खोल्यांतून लसूण सोलायला घेऊन बायका बाहेर. तिच्या बाजूला मी, शेजारच्या खोलीतली जान्हवी, कारण मधले आवाज मला भरायला लागत.

काकी वाचायची ते डबलबारीच्या फॅन लोकांचं. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोघांच्या पेट्या, दोघांचे पखवाज, दोघांचे कोरसवाले. एकाने गायचं, गाता गाता दुसऱ्याला चिमटे काढायचे, मग दुसऱ्याने गाऊन ते परत करायचे. मांडवात बसून ऐकायची झकास गोष्ट आहे. पण हल्ली प्रत्येक बुवाचा फॅन क्लब आहे, क्लबाचं पेज आहे, पेजला चार-चार अॅडमिन आहेत, आणि भजन संपलं तरी या लोकांचं संपत नाही. घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यात दोन पक्ष : जयवंतबुवांचे 'वाघ' आणि नंदूबुवांचे 'ढाणे'. दोन्ही बुवा विठ्ठलाचं नाव घेणारे. फॅन लोक घेतात ते मात्र एकमेकांच्या आईचं.

"बगा हां," काकी सुरू करायची, "व्हिडिओ चाळीस मिनटांचो. टाकल्याक आठ सेकंद झाले. आणि ह्यो इलो. 'बुवा, पूर्ण ऐकलं, अंगावर काटा आला.' आठ सेकंदात? काटो इलो की मुंगी चावली रे तुका?"

बायका हसून लसूण सांडायच्या.

काकीचे आवाज सगळे दवाखान्यातले. स्टेशनच्या पूर्वेला एका दातांच्या डॉक्टरकडे ती एकवीस वर्षं मदतनीस आहे. खुर्चीवरच्या माणसाच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवायचा, थुंकी ओढायची नळी धरायची, 'चूळ भरा, थुंका, परत भरा' म्हणायचं, आणि तो गेला की त्याचा ग्लास आणि भांडं धुवायचं. दिवसभर उघडी तोंडं. तिथून तिने आवाज उचलले होते. 'बुवांचा वाघ' लिहिणाऱ्याला ती इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर झालेल्या माणसाचा आवाज द्यायची : "बुबांचा बाघ, नाद नाय करायचा." 'बुवा, माझ्या कमेंटला एक हार्ट द्या ना' म्हणून भीक मागणाऱ्याला, दाढ काढायच्या आधी आईचा पदर ओढणाऱ्या पोराचा. आणि काहीही टाकलं की खाली 'फर्स्ट' म्हणून लिहिणारा एक होता, त्याला फक्त ढेकर. बुवांची सख्खी मावशी वारली, पेजवर हार घातलेला फोटो आला, खाली पहिली कमेंट : 'फर्स्ट'. काकीने ढेकर दिला नाही. म्हणाली, "शी. हेका शोकसभेतसुद्धा नंबर व्हयो."

मजा यायची, खोटं कशाला बोला. पण मजेच्या तळाशी काकीला खरोखर किळस होती. एकाने फोटो टाकला होता : काचेचा कप, बुडाला चहाची तपकिरी रिंग, रिंगेत एक मुंगी. वर लिहिलेलं, 'साक्षात बुवांनी आमच्या घरी चहा घेतला. हा कप आता आयुष्यभर धुणार नाही.' दोनशे बारा बदाम. काकीने फोन मांडीवर पालथा घातला आणि गॅलरीतून खाली थुंकली.

"एकवीस वर्सां मी लोकांचे उष्टे गिलास धुतंय. एक नाय धुतलो तर डॉक्टर माका काढून टाकीत. आणि ह्यो मेलो तो कपाटात ठेवन पूजतलो! अरे, रोग होतलो तुका!"

जयवंतबुवांच्या वाढदिवसाला वाघांनी असल्फ्याला मेट्रोच्या खांबाजवळ वीस फुटी बॅनर लावून त्याच्यावर दुधाचा अभिषेक केला. काकी कामावर निघाली होती. बुवांच्या छापील मिशीवरून दूध ओघळून फुटपाथवर आलं होतं, त्यात गुलाल, त्यात कुणीतरी थुंकलेला मावा, आणि ते सगळं गुलाबी होऊन हळूहळू गटाराकडे चाललेलं. एक कुत्रं ते चाटत होतं आणि चार वाघ त्याच्या शेजारी उभे राहून सेल्फी काढत होते. काकीच्या चपलेचा तळ त्यात बुडाला. दोन दिवस ती चप्पल दाराबाहेर होती.

"भजन म्हटला की माका सासऱ्यांची आठवण येता," ती त्या संध्याकाळी म्हणाली. "गिरणीतसून इले की अंघोळ केल्याशिवाय टाळाक हात लावीत नसत. आणि हे बगा."

तरी दुसऱ्या दिवशी साडेसातला स्टूल गॅलरीत होतंच. दाताला कीड लागली की जीभ तिथेच जाते, तसं ते होतं.

यंदा एप्रिलमध्ये चाळीच्या सत्यनारायणाला अमृतमहोत्सवी वर्ष. पूजा म्हटलं की डबलबारी आलीच, पण कमिटीच्या मनात काही वेगळं होतं. एकीकडे जयवंतबुवा आणि दुसरीकडे आपल्या चाळीतली ऋतिका. ऋतिका परब, मालनकाकीची पुतणी, टीवायबीकॉम, वय वीस. आजोबांच्या पेटीवर शिकली, गल्लीतल्या बायकांच्या भजनात गात गात तयार झाली. मांडवात, माइकवर, मोठ्या बुवासमोर ही तिची पहिली बारी. पोस्टर छापून आलं, त्यावर एका बाजूला जयवंतबुवांची मिशी आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यातली ऋतिका, खाली 'बुवा कु. ऋतिका परब'. ते पोस्टर तिने स्वतःच्या हाताने जिन्यात चिकटवलं, चारही कोपरे दाबून दाबून.

आता जे झालं ते सांगताना तोंड कडू होतं.

त्या संध्याकाळी काकीने नेहमीसारखं जयवंतबुवांच्या फॅनचं पेज उघडलं. वर कसला तरी फोटो होता, तो अजून उतरत नव्हता, गोल गोल फिरत होता. कमेंटी आधी उतरल्या. काकी थांबते कशाला? लागली वाचायला.

"ह्यो आपलो बाघ झिरो सात. 'ही काय बाबा बारी मारणार? हिला बोला, बांगडे तळ!'" बधिर जबडा. बायका हसल्या. "ह्यो दुसरो. 'आवाज असा, जसा बोक्याच्या शेपटीवर पाय पडलाय.'" मी लगेच बोका केला. अजून हशा. "परत बाघ झिरो सात. 'बुवांनी हिला मांडीवर...'"

काकी तिथे थांबली. फोटो उतरला होता. जिन्यातलंच पोस्टर.

ऋतिका तिच्या खोलीच्या दारात उभी होती. हातात दुधाची पिशवी. कधीपासून, देव जाणे. बोका ऐकला होता एवढं नक्की.

"वाच ना काकी," ती म्हणाली. "पुढचं अजून भारी आहे. मी दुपारीच वाचलंय."

आत गेली आणि दार लावलं.

पुढचं मी लिहीत नाही. सदतीस कमेंटी होत्या. शेवटाकडे तिच्या तोंडाचा फोटो कुठल्यातरी दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवलेला होता आणि त्यावर हसून हसून रडणारी पिवळी तोंडं ओळीने. सातेरीदेवीच्या पाया पडून सांगते, गटारातलं ते गुलाबी दूध परवडलं.

दुसऱ्या दिवशी ऋतिका काकीकडे आली. रडलेली नव्हती, तेच वाईट होतं.

"काकी, अण्णांना सांग, पोस्टरवरून माझं नाव काढा. मी नाही बसणार यार."

"घाबारलंस?"

"घाबरले नाही गं. मला घाण वाटतेय. मी स्तवन सुरू करणार आणि समोर बसलेल्या प्रत्येकाकडे बघून मला वाटणार, तो फोटो यानेच केला का? अशी गाऊ शकत नाही मी."

त्या सदतीसांतल्या पहिल्या तीन काकीने स्वतःच्या तोंडाने, आवाज काढून, चाळीला हसवत वाचल्या होत्या.

अण्णा म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, खोली नंबर एक, पांढरा लेंगा आणि कानात सतत बोट. काकी त्यांच्याकडे गेली. अण्णांनी तिच्यासमोरच जयवंतबुवांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पोरांचं प्रेम आहे हो," बुवा रेशमी आवाजात म्हणाले. "आपण काय करणार? मी कमेंटी वाचतच नाही. आणि ऋतिका म्हणजे माझ्या लेकीसारखी."

घरी येऊन काकीने परत त्या कमेंटी काढल्या. 'बांगडे तळ'वर आणि बोक्यावर, दोन्हींवर पेजवाल्याचं नव्हे, बुवांच्या स्वतःच्या खात्याचं लाल हार्ट होतं. लेकीसारखी! थू.

अण्णांचं म्हणणं वेगळं. "फॅन लोकांना दुखवून चालत नाही मालन. मांडव भरतो तो त्यांच्यामुळे. पोर बसत नसेल तर नंदूबुवा मोकळे आहेत, विचारून ठेवलंय. शुक्रवारपर्यंत सांग." पूजा रविवारी.

म्हणजे चार दिवस. चार दिवस साडेसातला गॅलरीत स्टूल आलं नाही. बायका लसूण घरात सोलू लागल्या. काकी आत बसून एकटीच फोन चाळत होती, चष्मा नाकावर, ओठ आवळलेले. हसायला वाचत नव्हती. कीड कुठल्या दाताला आहे ते आरशाने शोधतात, तसं वाचत होती. वाघ झिरो सात. फोटोच्या जागी वाघ, नाव नाही, गाव नाही, वय नाही. खातं चार वर्षांचं. चार वर्षांत या वाघाने कुठे कुठे काय काय लिहिलंय ते ती उलटं वाचत गेली. नुसती घाण. मध्ये मध्ये 'स्वामी समर्थ', परत घाण.

आणि गुरुवारी तिला ते सापडलं.

मुंबईतल्या कोकणी माणसाकडून एक चूक हमखास होते. तो नाव लपवेल, चेहरा लपवेल, बापाला ओळख देणार नाही. पण शिमग्यात गावची पालखी फोनवर लाइव्ह दिसली, की त्याचं सगळं सोंग गळून पडतं. गेल्याच महिन्यात गावच्या पालखीच्या व्हिडिओखाली, दोनशे 'देवा म्हाराजा'च्या गर्दीत, वाघ झिरो सातने हात जोडून लिहिलं होतं : 'खालच्या वाडीत पालखी कधी येतली? आमचा घर बंद आसा. चावी माधुरी काकीकडे आसा. पालखी भायरसून न्हेव नकात, तिका दिवो लावूक सांगा.'

काकीने फोन खाली ठेवला. खालच्या वाडीत माधुरीकडे एकाच घराची चावी असते. गावड्यांच्या. आणि गावड्यांचा मुलगा नितेश आपल्याच वरच्या गल्लीत राहतो, कुरिअर कंपनीत आहे, आणि मालनकाकीचा गॅसचा सिलिंडर चढणीवरून खांद्यावर घेऊन कोण येतं, तर नितेश. 'काकी, तुम्ही नका उचलू, कंबर जाईल.' इतका गोड. गेल्याच आठवड्यात काकीने त्याला सोलकढी पाजली होती.

मला हे सांगताना तिने दोनदा चूळ भरली.

"सांगू या ना सगळ्यांना!" मी म्हटलं. "स्क्रीनशॉट काढ, ग्रुपवर टाक. वाट लागेल त्याची."

"आणि मग? तेचे वाघ तेका डोक्यार घेवन नाचतले. अजून सदतीस कमेंटी. नाय गो. भांडण तेंच्या जागेर जावन करूचा नाय. तेंका आपल्या जागेर आणूचा."

शुक्रवारी सकाळी ती अण्णांकडे गेली. "ऋतिका बसतली. आणि यंदा गाऱ्हाण्याचो मान आमचो आसा."

पूजेला गाऱ्हाणं लागतंच. देवासमोर उभं राहून, नारळ हातात धरून, सगळ्यांच्या वतीने बोलायचं, आणि प्रत्येक 'म्हाराजा'ला मांडवाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मान चाळीत फिरतो, दर वर्षी एका खोलीचा, आणि यंदा खोली नंबर नऊ, परब.

"मान आहे तुमचा, कबूल," अण्णा कानात बोट फिरवत म्हणाले. "पण तुझा नवरा तर ड्युटीवर आहे रविवारी. गाऱ्हाणं पुरुषमाणूस घालतो."

"अण्णानू, मान घराचो आसा. मिशीचो नाय."

अण्णांनी बोट कानातून काढलं.

ऋतिकाला काकीने एवढंच सांगितलं, "तू फक्त साडी नेसून मांडवात ये. गाऱ्हाणा संपताच तुका वाटला की गाऊचा नाय, तर उठान जा. मी अडवूची नाय."

आणि शनिवारी संध्याकाळी आमची पैज लागली. काकी म्हणाली, नितेश मांडवात पहिल्या रांगेत असणार, आणि ती त्याच्याबद्दल गाऱ्हाणं घालेल तेव्हा सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तोच म्हणणार. मी म्हटलं, शक्यच नाही. येडा आहे का तो? एक तर पळेल, नाही तर दातखीळ बसेल.

"जल्माक इल्यापासून आयकलेला आसा ता, जान्हवे. 'म्हाराजा' पडला की तोंड आपसूक उघडता. आणि ह्या लोकांका तोंड बंद ठेवूक येता खय?"

पैज काय, तर हरणाऱ्याने तीन रविवार जिंकणाऱ्याची मांदेली साफ करायची.

रविवारी सात वाजता मांडव फुल्ल. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हणून सगळं लवकर. वाघ आले होते, बुवांचं तोंड छापलेले भगवे टीशर्ट घालून, पंधरा-वीस. आणि पहिल्या रांगेत, मांडी घालून, फोन उंच धरून नितेश. पेजवर लाइव्ह करत होता. काकीला बघून त्याने वाकून नमस्कारसुद्धा केला. ऋतिका कोरसच्या बायकांमध्ये बसली होती, हिरवी साडी, पेटीवर हात नाही, दोन्ही हात मांडीत. जयवंतबुवा समोर, कपाळाला बुक्का, मिशीला तेल.

काकी उभी राहिली. हातात नारळ, डोक्यावर पदर. मागे कुणीतरी पुटपुटलं, "बाई घालणार गाऱ्हाणं?" मग तिचा आवाज आला आणि पुटपुट बंद झाली. या वेळी आवाज कुणाचाच काढलेला नव्हता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा गावच्या, बारा वेशीच्या देवा म्हाराजा! आज सातेरीकृपा चाळीतल्या तुझ्या लेकरांनी वर्सासारखी पूजा घातल्यानी हा, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे चाकरीक आसत तेंका यश दी. जी पोरां शिकतत तेंका बुद्धी दी. कोणाची वायट नजर आसात ती भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मांडवाला लय सापडली होती. आता नुसतं 'म्हाराजा' पडायचा अवकाश, दोनशे तोंडं एकदम उघडत होती.

"आणि म्हाराजा, आज तुझ्या मांडवात एक चेडू पयल्यांदा तुझा नाव घेवक बसतला हा. तिच्याबद्दल काय लोकांनी, वाघाचा तोंड लावन, असां लिवल्यानी हा, की तां तुझ्यासमोर वाचूक माका लाज येता. तेतूरला थोडा मी पण वाचून हसलंय, तेची माका माफी कर. मी दातांच्या दवाखान्यात कामाक आसय. तोंडाची घाण माका नवी नाय. पण ही घाण चूळ भरून जावची नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाघांचे टीशर्टसुद्धा म्हणाले. म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तेतूरलो एक वाघ हयच बसलो हा. तेच्या गावच्या घराक कुलूप आसा. चावी शेजारणीकडे आसा. यंदा पालखी इली तेवा तेच्या देव्हाऱ्यात दिवो त्या बायलमाणसान लावलो, तेल आपल्या घरातला घातल्यान, आणि तू तो दिवो मानून घेतलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बायलमाणसान लावलेलो दिवो चलता, तर बायलमाणसान घेतलेला तुझा नावही चलता, असां त्या वाघाक कळांदे. आणि आपण चुकलंय म्हणान तेनी स्वतःच्या तोंडान चार लोकांत कबूल करूक व्हया, अशी तेका बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. त्यानंतर दोन सेकंदांनी नितेशचा हात खाली आला. फोन चालूच होता, लाइव्हमध्ये आता त्याच्या पायाची बोटं दिसत होती, आणि खाली कमेंटी येत होत्या : 'वाघ भाऊ, पाय कोणाचे?' तो उठला नाही. उठला असता तर कोण वाघ ते दोनशे लोकांना कळलं असतं. बसून राहिला, कानाच्या पाळ्या जांभळ्या. जयवंतबुवा बराच वेळ पेटीचा भाता पुसत होते, स्वच्छ होता तरी.

ऋतिकाने रांगेवरून नजर फिरवली. पहिल्या रांगेत थांबली, कानाच्या पाळ्यांवर. मग मांडीतले हात उचलून पेटीवर ठेवले. स्तवनात तिचा आवाज कापला, एका जागी तर सूर साफ निसटला, मागे एक टीशर्ट हसला आणि शेजारच्या टीशर्टाने त्याला कोपर मारलं. गौळणीला मात्र ती अशी लागली, की लसूणवाल्या सगळ्या बायका टाळ्यांवर आल्या. बुवा जिंकले म्हणा किंवा बरोबरी म्हणा. पण दहाला माइक बंद झाला तेव्हा ती पूर्ण बारी गाऊन उठली होती.

लोक सुधारतात वगैरे मी लिहिणार नाही. चार दिवसांनी वाघ झिरो सातचं खातं 'नंदूबुवांचा चित्ता ०७' झालं आणि त्याने जयवंतबुवांच्या मिशीवर जे लिहायला घेतलं ते वाचून जेवण जात नाही. नितेश सिलिंडर अजून आणतो. काकी दारातूनच 'थय ठेव' म्हणते, सोलकढी विचारत नाही.

राहिली पैज. मी म्हटलं, म्हणाला असेल तो, पण दोनशे लोक ओरडत होते, सगळ्यांत मोठ्याने तोच हे कशावरून? काकीने शांतपणे रुक्मिणीआजीच्या खात्यावरून त्या दिवशीचं लाइव्ह काढलं आणि फोन माझ्या कानाला लावला. माइक त्याच्याच तोंडाजवळ होता. दोनशे लोक लांब कुठेतरी गुणगुणतायत आणि त्यांच्यावर, कानाचा पडदा फाडत, नितेश गावडे : "व्हय म्हाराजा!"

काल पहिला रविवार होता. मांदेली म्हणजे बोटाएवढी, किलोत दीडशे, प्रत्येकीचं डोकं वेगळं काढायचं आणि पोट वेगळं. बोटांना खवले, नाकाला खाज आणि हात लावायची सोय नाही. काकी वर स्टुलावर बसून चित्त्याच्या कमेंटी वाचत होती, साध्या आवाजात. अर्ध्यावर आले तेव्हा तिने अजून एक पिशवी पुढे सरकवली. ऋतिकाला पण आवडतात म्हणे.